गड्ड्यातला ड्रॅगन आणि खोपोलीचा नायट्रो

"रोलर कोस्टर म्हणजे तेच की बे, गड्ड्यातला ड्रॅगन. जरा मोठा असंल, एवढंच." खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कात नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरवर बसायला जाऊ या म्हटल्यावर मित्राने हे ऐकवलं. गड्डा म्हणजे सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर जत्रा, आणि ड्रॅगन म्हणजे तिथली रुळावर फिरणारी छोटी गाडी. सोलापुरात बहुतेकांचा असाच समज आहे. रूळ दोन्हीकडे, डबे दोन्हीकडे, चढउतार आणि आरडाओरडाही दोन्हीकडे. पण ही धाकटी-थोरली भावंडं नाहीत, यंत्रंच वेगळी आहेत.

ड्रॅगनला मोटर शेवटपर्यंत ओढते. उतारावरसुद्धा गाडी तिच्याच धाकात असते, म्हणून सहावी फेरी पहिलीसारखीच जाते. लहानपणी संक्रांतीला होम मैदानावर आम्ही ड्रॅगनमध्ये बसलो असताना वीज गेली. हाताखालच्या पत्र्याची थरथर एकदम थांबली आणि गाडी उंचवट्याच्या अलीकडेच उभी राहिली. दोघा कामगारांनी खांदा लावून ती ढकलत खाली आणली. तिच्यात स्वतःचं बळ नव्हतं, हे मला फार पुढे कळलं.

नायट्रोच्या गाडीत मोटर नाहीच. साखळी तिला सुमारे ४० मीटर उंच नेते. चढताना येणारी टक-टक असते ती गाडी मागे घसरू नये म्हणून बसवलेल्या खटक्याची. पाय मोकळे लोंबकळत असतात, कारण खाली फळीच नाही. माथ्यावर साखळी सुटते, टकटक थांबते, आणि तो क्षण मला अख्ख्या राइडपेक्षा मोलाचा वाटतो. तिथून पुढे गाडीकडे फक्त कमावलेली उंची असते. ४० मीटर खाली येताना, घर्षण धरलं नाही, तर वेग ताशी १०० किलोमीटरवर जातो. डबे भरलेले असोत की रिकामे. पण घर्षण आणि हवा वाटेत आपला वाटा घेतच राहतात. म्हणून पुढची कुठलीही टेकडी पहिलीइतकी उंच नसते आणि फेरी एकच होते. माथा ओलांडल्यावर वीज गेली तरी गाडी पुढच्या ब्रेकपर्यंत येतेच.

इमॅजिकातल्याच डीप स्पेसला साखळी नाही. तिथे अंधारात चुंबकाच्या जोरावर गाडीला झटक्यात वेग मिळतो. तरी तो रोलर कोस्टरच, कारण तो वेग दिल्यावर गाडी मोकळी सुटते.

मोकळी सुटते म्हणूनच चाकांची रचनाही वेगळी लागते. टेकडीच्या माथ्यावरून गाडी खाली वळते, पण आपलं शरीर सरळ पुढे जाऊ पाहतं; पोटात गोळा येतो तो त्यामुळे. डब्यांचंही तेच होतं, ते रुळावरून उचलले जातील. म्हणून चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनही असतात. या खालच्या चाकांचं पेटंट जॉन मिलर यांनी १९१९ साली घेतलं, आणि तेव्हापासून उतार खरे उभे करता आले.

ड्रॅगनमध्ये कुठेही बसा, फार फरक पडत नाही. लहान मुलाला पहिल्यांदा बसवायचं असेल तर तोच बरा, हे मी मनापासून सांगतो. नायट्रोला मात्र थोडं थांबावं लागलं तरी शेवटची रांग मागून घ्या. पुढचे डबे माथ्यावरून हळू झुकतात, मागचे डबे येईपर्यंत गाडीने वेग धरलेला असतो. शेवटच्या रांगेतल्याला माथा दिसतच नाही, तो थेट खाली ओढला जातो.