फ्रिजमध्ये ठेवायच्या पदार्थांची निवड

घरातले कोणते पदार्थ फ्रिजमध्ये ठेवायचे, कोणते बाहेर आणि कोणते फ्रीझरमध्ये, हे ठरवण्याची रीत. वरवर पाहता हा जागेचा प्रश्न वाटतो. खरे तर तो पदार्थ कशामुळे बिघडतो याचा प्रश्न आहे. अन्न बिघडण्याची मुख्य कारणे चार: जीवाणू व बुरशी यांची वाढ, पदार्थातल्याच एंझाइमांचे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांचे) काम, हवेतल्या ऑक्सिजनशी होणारी क्रिया आणि ओलाव्यातला बदल. थंडी पहिल्या दोन कारणांना चांगलाच लगाम घालते, तिसऱ्याला थोडाफार. चौथ्याच्या बाबतीत मात्र फ्रिजची कोरडी हवा नुकसानही करू शकते. म्हणून ‘फ्रिजमध्ये ठेवले म्हणजे टिकले’ हा सरसकट समज चुकीचा आहे, आणि ‘पूर्वी फ्रिज नव्हते तरी लोक जगत होते’ हा युक्तिवादही तितकाच अपुरा आहे. विजेवर चालणारे फ्रिज अमेरिकेत १९२० च्या दशकापासून घरोघरी जाऊ लागले. त्याआधी लोक शिजवलेले अन्न त्याच दिवशी संपवत, उरलेले खारवत, वाळवत किंवा आंबवत. उरलेले अन्न नुसते बाहेर ठेवून सहसा खात नसत.

थंडीचे काम आणि तिच्या मर्यादा

घरगुती फ्रिज ४° से. किंवा त्याखाली आणि फ्रीझर −१८° से. ला असावा, असा सर्वसाधारण सल्ला आहे. जागतिक आरोग्य संघटना ५° ते ६०° से. हा पट्टा धोक्याचा मानते. या पट्ट्याच्या मध्यावर, म्हणजे शरीराच्या तापमानाच्या आसपास, काही जीवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. फ्रिजमध्ये ते मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते, इतकेच. फ्रीझरमध्ये वाढ थांबते, पण तिथेही पुष्कळ जीवाणू जिवंत राहतात आणि पदार्थ वितळला की पुन्हा कामाला लागतात. फ्रिजच्या बटणावरचे १ ते ५ हे आकडे तापमान दाखवत नाहीत. मधल्या कप्प्यात पाण्याचा पेला ठेवून त्यात रात्रभर थर्मामीटर ठेवावा, म्हणजे खरे तापमान कळते. थर्मामीटर ही स्वस्त वस्तू आहे आणि ती प्रत्येक फ्रिजमध्ये असायला हवी.

अन्न नासवणारे जीवाणू आणि माणसाला आजारी पाडणारे जीवाणू हे बहुतेक वेळा वेगळे असतात. पहिल्यांमुळे आंबूस वास, चिकटपणा, बदललेला रंग अशा खुणा दिसतात. दुसऱ्यांची अशी एकही खूण नसू शकते. ‘वास तर चांगला येतोय’ ही कसोटी म्हणूनच फसवी ठरते. शिवाय थंडीला न जुमानणारे काही जीवाणू आहेत. लिस्टेरिया मोनोसायटोजेनस हा ४° से. लाही हळूहळू वाढतो. निरोगी प्रौढाला त्याचा त्रास सहसा कमी होतो, पण गरोदर स्त्रिया, नवजात बाळे, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्ती यांच्यासाठी तो जिवावर बेतू शकतो. मऊ चीज, धुरावलेले मासे, शिजवून कापलेले थंड मांस असे पुन्हा न तापवता खायचे पदार्थ फ्रिजमध्ये असले तरी लवकर संपवावे लागतात, ते याचमुळे.

ज्यांना फ्रिजच हवा

पाश्चरीकृत दूध, कच्चे मांस, मासे, ताजे चीज, शिजवलेले अन्न आणि कापलेली फळे-भाज्या यांबाबत वादाला जागा नाही. या सगळ्यांत ओलावा भरपूर, पोषण भरपूर आणि आम्लता बहुतेक वेळा कमी असते. म्हणजे जीवाणूंना हवे ते सगळे आयते मिळते. कापलेल्या फळाची गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. अखंड कलिंगड किंवा खरबूज बाहेर दिवसेंदिवस राहते, कारण त्याची साल हेच त्याचे संरक्षण. सुरी फिरली की सालीवरचे जीवाणू आतल्या गोड, कमी आम्लाच्या गरावर पोहोचतात. तिथून पुढे ते फळ शिजवलेल्या अन्नासारखेच वागवायला हवे.

शिजवलेल्या अन्नात भाताचा धोका सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येतो. तांदळात बॅसिलस सीरियस या जीवाणूचे बीजाणू (त्याचे सुप्त, चिवट रूप) असू शकतात आणि ते शिजवण्याची उष्णता सहन करतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर बीजाणू रुजतात, वाढतात आणि उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे दिवसभर बाहेर राहिलेला भात कितीही कडक गरम केला तरी सुरक्षित होत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूचे विष आणि नीट थंड न ठेवलेल्या काही माशांत साठणारे हिस्टमीन हे अपायकारक द्रव्य यांचेही तसेच. पुन्हा गरम करणे हा उशिरा थंड करण्यावरचा उतारा नव्हे, ही या संपूर्ण विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे.

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावे. खोलीचे तापमान ३२° से. च्या वर असेल तर एका तासात. गरम पदार्थ फ्रिजमध्ये ठेवू नये असे सांगितले जाते, त्यात तथ्य आहे ते एवढेच की वाफाळते मोठे पातेले तसेच आत सरकवले तर शेजारचे पदार्थ तापतात आणि पातेल्याचा मध्यभाग बराच वेळ कोमट राहतो. अन्न उथळ भांड्यांत विभागावे, वाफ जाऊ द्यावी आणि ठेवून द्यावे. पूर्ण गार होण्याची वाट पाहत ते ओट्यावर रात्रभर ठेवणे अधिक धोक्याचे. असे अन्न तीन-चार दिवसांत संपवावे. तोपर्यंत संपणार नसेल तर पहिल्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकावे.

फळे आणि भाज्या

खुडलेले फळ किंवा भाजी जिवंत असते. ती श्वसन करते, पाणी गमावते, पिकते. थंडीने श्वसन मंदावते म्हणून पालेभाज्या, गाजर, कोबी, फ्लॉवर, सफरचंद, द्राक्षे आणि बेरीवर्गीय फळे फ्रिजमध्ये चांगली राहतात. उष्ण प्रदेशांत उगम पावलेल्या अनेक वनस्पतींच्या पेशींना मात्र गोठणबिंदूच्या बरीच वर असलेली थंडीही सोसत नाही. त्यांच्या पेशींची पटले बिघडतात आणि आतले द्रव एकमेकांत मिसळतात. केळ्याला सुमारे १३° से. च्या खाली इजा होऊ लागते: साल काळी पडते आणि कच्चे केळे मग नीट पिकतही नाही. काकडी साधारण १०° से. खाली बरेच दिवस राहिली की तिच्यावर खळगे आणि पाणथळ डाग पडतात. कच्चा आंबा, कच्चा अ‍ॅव्होकाडो यांना आधी बाहेर पिकू द्यावे. पिकल्यावर फ्रिजमध्ये ठेवून त्यांचे थोडे दिवस वाढवता येतात.

टोमॅटोवर सर्वाधिक वाद होतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की पिकलेले टोमॅटो ५° से. ला सात दिवस ठेवले तर गंध देणारी द्रव्ये तयार करणारी काही जनुके मंदावतात आणि फळ पुन्हा खोलीच्या तापमानाला आणले तरी तो गंध पूर्ण परत येत नाही. साखर आणि आम्ल तेवढेच राहते. जाते ती टोमॅटोची ओळख. म्हणून चवीसाठी बाहेर ठेवणे योग्यच. पण पूर्ण पिकलेला, एक-दोन दिवसांत सडेल असा टोमॅटो केवळ तत्त्वासाठी बाहेर ठेवून फेकून देण्यात काही अर्थ नाही. तो फ्रिजमध्ये ठेवावा आणि शिजवण्यात वापरावा.

बटाट्याच्या बाबतीत सल्लाच बदलला आहे. थंडीत बटाट्यातल्या स्टार्चची काही प्रमाणात साखर होते. असा बटाटा तळताना किंवा भाजताना लवकर करपतो आणि त्यात अ‍ॅक्रिलामाइड हे आरोग्याला अपायकारक मानले जाणारे द्रव्य जास्त तयार होऊ शकते. अन्नातल्या या द्रव्याकडे स्वीडनमधील संशोधनामुळे २००२ मध्ये जगाचे लक्ष गेले आणि बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नयेत असा सल्ला रूढ झाला. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २०२३ मध्ये तो मागे घेतला: घरगुती साठवणीत हा फरक फारसा पडत नाही आणि फ्रिजमध्ये बटाटे जास्त टिकून वाया कमी जातात, असे तिचे मत. तळण्यासाठी लागणारे बटाटे अंधाऱ्या, हवेशीर, थंड जागी ठेवावेत आणि उकडण्यासाठीचे फ्रिजमध्ये राहिले तरी चालतील, असा मध्यममार्ग इथे शहाणपणाचा वाटतो. अखंड कांदा आणि लसूण कोरड्या हवेत टिकतात, फ्रिजच्या दमट खणात मऊ पडतात किंवा त्यांना कोंब फुटतात. कांदा बटाट्याच्या शेजारी ठेवू नये. दोन्ही लवकर खराब होतात.

सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांतून इथिलीन हा फळे पिकवणारा वायू बाहेर पडतो. त्याच खणातल्या पालेभाज्या त्यामुळे पिवळ्या पडतात, गाजरे कडवट होतात. फळे आणि पालेभाज्या वेगळ्या खणांत ठेवण्यामागचे कारण हे आहे.

कोरडे, गोड, खारट, आंबट

जीवाणूंना वापरता येईल असे मोकळे पाणी पदार्थात नसेल तर त्यांना वाढता येत नाही. मध, साखर, मीठ, कोरडे धान्य यांना म्हणूनच फ्रिज नको. मध थंडीत दाटतो, त्यात कणही धरू शकतात, पण तो बिघडलेला नसतो. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. व्हिनेगर आणि भरपूर मीठ असलेली लोणची बाहेर टिकतात. कमी साखरेचा जॅम, मेयोनेझ, उघडलेला फळांचा रस यांना मात्र झाकण उघडल्यावर फ्रिजच हवा. ‘उघडल्यानंतर थंड ठेवा’ ही वेष्टनावरची सूचना गांभीर्याने घ्यावी. उघडलेल्या पत्र्याच्या डब्यातले अन्न दुसऱ्या भांड्यात काढून ठेवावे.

तेलात बुडवून ठेवलेला कच्चा लसूण हा या वर्गातला अपवाद आणि तो जीवघेणा ठरू शकतो. तेलाखाली हवा नसते, लसणात आम्ल कमी असते, आणि क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूला असेच वातावरण मानवते. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये १९८५ साली बाहेर ठेवलेल्या अशा लसणामुळे तीसहून अधिक लोकांना बोट्युलिझम, म्हणजे या जीवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा आजार, झाला. घरी केलेले लसूण-तेल फ्रिजमध्येच ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे.

पावाला फ्रिज मानवत नाही. गोठणबिंदूच्या थोड्या वरच्या तापमानाला त्यातला स्टार्च सर्वांत वेगाने कडक होतो. बुरशी लागणे लांबते पण पाव शिळा होतो. एक-दोन दिवसांचा पाव बाहेर आणि उरलेला कापून फ्रीझरमध्ये, हे उत्तम. उलट अक्रोड, जवस, तीळ, कोंड्यासह दळलेले पीठ हे ‘कोरडे’ म्हणून कपाटात जातात, पण त्यांतली तेले हवेने खवट होतात. फार दिवस ठेवायचे असतील तर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये किंवा फ्रीझरमध्ये ठेवावेत. कॉफी आणि चॉकलेट फ्रिजमध्ये इतर वास शोषून घेतात आणि बाहेर काढताना त्यांवर दव धरते.

अंडी

अंड्यांबाबत देशोदेशीचे नियम वेगळे आहेत आणि दोन्हींमागे तर्क आहे. अमेरिकेत विक्रीपूर्वी अंडी धुतात. त्यात कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो, म्हणून ती थंडच ठेवावी लागतात. युरोपीय संघात पहिल्या प्रतीची अंडी सर्वसाधारणपणे धुतली जात नाहीत आणि दुकानात बाहेर असतात. घरी मात्र फ्रिजच बरा, कारण साल्मोनेला हा आजारी पाडणारा जीवाणू अंड्याच्या आतही असू शकतो आणि थंडीत त्याची वाढ रोखली जाते. एकदा थंड केलेली अंडी पुन्हा बाहेर ठेवू नयेत. कवचावर दव धरते आणि त्या ओलाव्यातून जीवाणू छिद्रांवाटे आत जाऊ शकतात.

आतली मांडणी

दार ही फ्रिजमधली सर्वांत उबदार जागा. तिथे सॉस, सरबते, व्हिनेगर ठेवावे. दूध आतल्या बाजूला. कच्चे मांस व मासे झाकून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवावेत, म्हणजे त्यांचे पाणी तयार अन्नावर ठिबकणार नाही. फ्रिज ठासून भरला तर थंड हवा फिरत नाही. वीज गेल्यास दार न उघडलेला फ्रिज सुमारे चार तास थंड राहतो, भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास. चार तासांहून अधिक काळ वीज नसेल तर फ्रिजमधले दूध, मांस, मासे आणि शिजवलेले अन्न टाकून द्यावे. लोणी, कडक चीज आणि अखंड फळे ठेवता येतात. फ्रीझरमधल्या पदार्थात बर्फाचे कण अजून दिसत असतील तर तो पुन्हा गोठवता येतो, फक्त त्याचा पोत थोडा उतरतो.