गालानोस (ग्रीक आडनाव)

गालानोस हे एक ग्रीक आडनाव. शब्दशः अर्थ निळा, पण आडनाव म्हणून घेतलं की निळ्या डोळ्यांचा. ग्रीसमध्ये आणि सायप्रसमध्ये हे आडनाव सापडतं, तिथून अमेरिकेत गेलेल्या लोकांमध्येही आहे, पण पापादोपुलोससारखं गल्लोगल्ली ऐकू येणारं नाहीये. याच शब्दापासून निघालेलं गालानिस हे भावंड त्यामानाने बरंच जास्त दिसतं. आपल्याकडे कुणाला हे नाव माहीत असलंच तर ते बनारसच्या एका माणसामुळे, त्याच्याकडे येऊच.

उच्चाराचं आधी सांगून टाकतो कारण मराठीत लिहिताना तिथेच घोळ होतो. ग्रीकमध्ये पहिलं अक्षर गामा आणि ते आपल्या साध्या ग सारखं नाही, ग़ज़ल मधल्या ग़ सारखं घशातून घासत येतं, आणि जोर शेवटच्या अक्षरावर, म्हणजे ग़लानोऽस असं काहीतरी. गालानिसमध्ये मात्र जोर मधल्या ‘ला’वर पडतो. इंग्रजीवरून वाचणारे गॅलॅनोस, गेलॅनोस काय वाट्टेल ते म्हणतात, चालायचंच.

अर्थ आणि मूळ

आजच्या ग्रीकमध्ये निळ्यासाठी एक शब्द नाहीये. गडद निळा म्हणजे ब्ले, हा सरळ फ्रेंचमधून उचललेला. आकाशी म्हणजे गालाझिओ. आणि गालानोस हा तिसरा, जो मुख्यतः डोळ्यांसाठी, समुद्रासाठी, आभाळासाठी वापरतात, शर्टाला किंवा बादलीला सहसा कुणी गालानोस म्हणत नाही. शब्दाला जरा प्रेमाचा, गाण्यातला वास आहे. ग्रीसच्या झेंड्यालाही लोक लाडाने गालानोलेफ्की म्हणतात, म्हणजे निळी-पांढरी.

पण खरी गंमत पुढे आहे. हा शब्द मुळात रंगाचा नव्हताच. जुन्या ग्रीकमध्ये गालीनी म्हणजे वारा पडलेला, लाटा नसलेला संथ समुद्र, आणि त्यावरून गालीनोस म्हणजे शांत. डोरिक नावाच्या बोलीत याच शब्दातल्या मधल्या स्वराचा ‘आ’ होतो आणि गालानोस तयार होतो. शांत समुद्र कसा दिसतो? निळा. मग शांत म्हणता म्हणता शब्द त्या पाण्याच्या रंगाला चिकटला आणि जुना अर्थ मागे पडला. गालीनी मात्र आजही ग्रीकमध्ये शांतता याच अर्थाने जिवंत आहे, त्यामुळे एकाच घरातले दोन शब्द, एक रंगाच्या धंद्यात गेला आणि दुसरा घरीच राहिला असं म्हणा हवं तर.

या घरातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे इ.स. 129 मध्ये पर्गामोनला जन्मलेला वैद्य गॅलेन. त्याचं ग्रीक नाव गालीनोस, म्हणजे शांत. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की वडील अतिशय शांत होते आणि आई इतकी तापट की रागाच्या भरात दासींना चावायची, तेव्हा नाव बापाच्या बाजूचं लागलं असं म्हणायला हरकत नाही. हाच गालीनोस अरबी-फारसीत जाऊन जालीनूस झाला आणि युनानी हकिमांबरोबर हिंदुस्थानात आला. म्हणजे हे आडनाव भारतात यायच्या कितीतरी आधी त्याचा चुलतभाऊ इथल्या हकिमांच्या पोथ्यांमध्ये जाऊन बसला होता.

आडनाव कसं पडलं असेल

ग्रीक आडनावांचे ढोबळ चार प्रकार करतात. बापाच्या नावावरून, धंद्यावरून, गावावरून आणि टोपणनावावरून. टोपणनावाला ते पारात्सुक्ली म्हणतात आणि गालानोस याच खात्यात बसतं. त्या खात्यात मावरोस म्हणजे काळा, कोक्किनोस म्हणजे लाल, माक्रिस म्हणजे लांब, उंच, कोन्दोस म्हणजे बुटका, स्गुरोस म्हणजे कुरळ्या केसांचा आणि माव्रोमातिस म्हणजे काळ्या डोळ्यांचा, अशी सगळी मंडळी आहेत. गावात चार यानिस असले की कुठला यानिस हे सांगायला कुणीतरी म्हणतं अरे तो निळ्या डोळ्यांचा, आणि मग मुलाला, नातवाला तेच लागतं, मग नातवाचे डोळे तपकिरी का असेनात.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही खरं तर. आपल्याकडे काळे आहेत, गोरे आहेत, पिंगळे आहेत आणि अगदी नेमकं जोडीला बसेल असं घारे आहे. घारे आडनावाच्या माणसाचे डोळे घारे असतातच असं नाही आणि कुणी ते तपासायलाही जात नाही. गालानोस म्हणजे ग्रीकांचे घारे, फक्त रंग एक घर पुढे सरकलेला.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. ग्रीसमध्ये निळे डोळे हे नुसतं कौतुकाचं प्रकरण नाही. दृष्ट लागणं तिथेही आहे, तिला माती म्हणतात, माती म्हणजे डोळा, आणि निळ्या डोळ्यांच्या माणसाची दृष्ट पटकन लागते असा जुना समज आहे. त्यावर उतारा म्हणून जो मणी बाळाच्या कपड्याला टाचतात किंवा गाडीत टांगतात तो पण निळाच, आपल्या काळ्या तीटेसारखं, काट्याने काटा. त्यामुळे पहिल्या गालानोसला हे नाव कौतुकाने पडलं की शेजारणी मुलं आत घ्यायच्या म्हणून पडलं, हे घराघरावर अवलंबून. मला वैयक्तिक दुसरी शक्यता जास्त मजेशीर वाटते.

रूपं आणि नातेवाईक आडनावं

ग्रीक आडनाव विभक्तीप्रमाणे आणि लिंगाप्रमाणे बदलतं हे आपल्याला पटकन झेपत नाही. पुरुष गालानोस, पण त्याची बायको किंवा मुलगी गालानू. हे रूप षष्ठीचं आहे, म्हणजे शब्दशः गालानोसची. आपल्याकडे बोलण्यात जोशीण, कुलकर्णीण म्हणायचे तसं काहीतरी, पण तिथे ते कागदोपत्री आडनाव असतं. हाक मारताना अजून वेगळं रूप, गालाने. आणि 1983 च्या कौटुंबिक कायद्यापासून ग्रीसमध्ये लग्नानंतर बाईचं आडनाव माहेरचंच राहतं, त्यामुळे आजची गालानू म्हणजे साधारणपणे गालानोसची लेक, सून नव्हे.

मूळ शब्दाला शेपट्या लागून झालेली आडनावंही आहेत आणि शेपटीवरून घराणं कुठलं याचा अंदाज येतो, आपल्या ‘कर’ सारखा, फक्त गाव न कळता प्रांत कळतो. गालानाकिस असेल तर क्रीट, कारण आकिस ही क्रीटची खूण. गालानोपुलोस असेल तर बहुतेक पेलोपोनीस, पुलोस म्हणजे मुळात पिल्लू, मूल. गालानीदिस असेल तर काळ्या समुद्राकडचे पोन्तसचे लोक. अर्थात लोक स्थलांतर करतात, त्यामुळे हा अंदाजच, खात्री नाही. बिनशेपटीच्या गालानोसवरून मात्र प्रांताचा काहीच पत्ता लागत नाही. निळे डोळे काय कुठेही जन्माला येतात.

या शेपटीवाल्यांमध्ये दोन नावं सांगण्यासारखी. क्रीटमधल्या हेराक्लिओनची, 1947 मध्ये जन्मलेली लेखिका रेआ गालानाकी (इथेही बघा, बाई म्हणून शेवटचा स गेला). आणि भूकंपशास्त्रज्ञ आंगेलोस गालानोपुलोस, ज्यांनी 1960 च्या सुमारास असं मांडलं की प्लेटोने लिहिलेली, समुद्रात बुडालेली अटलांटिस म्हणजे ग्रीसच्या सान्तोरिनी बेटावरच्या ज्वालामुखीची आठवण आहे आणि प्लेटोच्या आकड्यांत एक शून्य जास्त पडलंय. सगळ्यांनी मान्य केलं असं नाही पण कल्पना भारी आहे.

बनारसचा गालानोस

आता मुख्य माणूस. दिमित्रिओस गालानोस, जन्म अथेन्समध्ये 1760, तेव्हा अथेन्स तुर्कांच्या ताब्यात. शिक्षण मेसोलोंगी, मग पातमोस बेट, मग कॉन्स्टँटिनोपल, जिथे त्याचे काका चर्चमध्ये मोठ्या पदावर होते. त्यांची इच्छा होती पुतण्याने पाद्री व्हावं, पुतण्याची नव्हती. त्या काळी कलकत्ता आणि ढाक्यात ग्रीक व्यापाऱ्यांची चांगली वस्ती होती, कलकत्त्यात त्यांचं स्वतःचं चर्चसुद्धा होतं, आणि त्यांना मुलांना शिकवायला मास्तर हवा होता. गालानोस 1786 मध्ये कलकत्त्याला आला तो या नोकरीवर. मास्तरकी करता करता इंग्रजी, फारसी, संस्कृत शिकला आणि सहा-सात वर्षांत पैसे साठवून 1793 मध्ये थेट बनारसला जाऊन राहिला. पुढची चाळीस वर्षं तिथेच. इथला पोशाख, इथली राहणी, पंडितांबरोबर बसणं-उठणं.

अहिल्याबाईंनी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं करून तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, घाटांवर मराठी मंडळी भरपूर होती, त्यामुळे या निळ्या आडनावाच्या माणसाच्या कानावर रोज मराठी पडत असणार असं मला वाटतं. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांचा रंग कुठला ते सोडा, आडनाव असं कधी खरं ठरत नसतं हे वर सांगितलंच आहे. कलकत्त्याचे बिशप हेबर 1824 मध्ये बनारसला आले तेव्हा त्यांनी इथे राहणाऱ्या एका सुशिक्षित, सभ्य ग्रीक माणसाची नोंद केलीय, आणि हा रशियाचा हेर असावा अशी कुजबुज होती तीही लिहिलीय. तीस वर्षं एका गावात बसून कुणी नुसतं संस्कृत वाचत असेल यावर साहेबांचा विश्वास बसणं कठीणच.

वाचत मात्र तो खरंच होता, आणि भाषांतरंही करत होता. भर्तृहरीची वचनं, चाणक्यनीती, भगवद्गीता, रघुवंश, हितोपदेश, देवीमाहात्म्य, हे सगळं त्याने ग्रीकमध्ये नेलं, आणि शब्दकोशांची हस्तलिखितं वेगळीच. वामनपंडितामुळे भर्तृहरी मराठीत घरोघरी पोचला, ग्रीकांकडे पोचवायचं काम याने केलं. जिवंतपणी त्यातलं फारसं काही छापलं गेलं नाही. 3 मे 1833 ला तो बनारसमध्येच वारला, अथेन्सच्या अक्रोपोलिस गडावरून शेवटची तुर्की शिबंदी उतरल्याला जेमतेम महिना झाला होता. स्वतंत्र ग्रीस त्याने पाहिलाच नाही. पण मृत्युपत्रात अर्धी मालमत्ता आणि सगळी पुस्तकं, हस्तलिखितं अथेन्सच्या नव्या विद्यापीठासाठी ठेवून गेला, आणि ते विद्यापीठ सुरू झालं 1837 मध्ये, म्हणजे देणगी आधी आणि संस्था नंतर. अथेन्समध्ये ग्रंथपाल तिपाल्दोस यांनी 1845 ते 1853 या काळात त्याची भाषांतरं सात खंडांत छापली, गीता त्यात 1848 मध्ये आली.

बनारसला इंग्रजांच्या कबरस्तानात त्याला पुरलं. दगडावर ग्रीक आणि इंग्रजीबरोबर फारसी लिपीतला मजकूरही आहे, त्याचे मित्र मुन्शी शीतलसिंग यांनी केलेला, आणि त्यात गालानोस गेला, या काळाचा अफलातून गेला असा विलाप आहे. मराठीत अफलातून म्हणजे भन्नाट, जबरी, हे सगळ्यांना माहितीय, पण अफलातून म्हणजे मुळात प्लेटोच. म्हणजे एका अथेन्सकराच्या कबरीवर काशीत बसून दुसऱ्या अथेन्सकराचं नाव कोरलंय, तेही त्याच्या पूर्वेकडच्या रूपात. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात 2000 साली ग्रीक अभ्यासासाठी जे अध्यासन सुरू झालं त्यालाही याच दिमित्रिओस गालानोसचं नाव आहे.

इतर गालानोस

सायप्रसमध्ये अलेक्सिस गालानोस हे मोठं राजकीय नाव. जन्म फामागुस्ताचा, 1940, आणि 1991 ते 1996 सायप्रसच्या प्रतिनिधिगृहाचे अध्यक्ष. नंतर ते फामागुस्ताचे महापौर झाले आणि 2019 मध्ये वारले तेव्हाही महापौरच होते, पण 1974 पासून ते शहर तुर्की सैन्याच्या ताब्यात, त्यामुळे महापौर शहराबाहेर आणि शहर कुंपणाआड अशी अवस्था.

अमेरिकेत जेम्स गालानोस (1924–2016). ग्रीसहून आलेल्या आईवडिलांचा मुलगा, जन्म फिलाडेल्फियाचा, आणि धंदा श्रीमंत बायकांचे कपडे बेतायचा. 1981 मध्ये रोनाल्ड रेगन अध्यक्ष झाले तेव्हा नॅन्सी रेगन यांनी शपथविधीनंतरच्या समारंभात घातलेला एका खांद्याचा पांढरा, मण्यांनी भरलेला गाऊन याचाच.

शोधताना होणारी गडबड

इंटरनेटवर आडनावांच्या याद्या चाळल्या तर गालानोस फिलिपिन्समध्ये, स्पेनमध्ये, क्युबात असं कुठेही निघतं आणि माणूस म्हणतो अरे ग्रीक लोक कुठे कुठे पोचलेत. तसं नाहीये. स्पॅनिशमध्ये गालानो म्हणजे नटलेला, रुबाबदार, त्याचं अनेकवचन गालानोस, आणि क्युबातले कोळी एका जातीच्या शार्कलाही गालानो म्हणतात. रोमन लिपीत दोन्हींचं स्पेलिंग एकच. स्पॅनिश शब्दाचा शांत समुद्राशी काही संबंध नाही, तो गॅलंट वगैरेंच्या घरातला. त्यामुळे यादीतला गालानोस ग्रीक आहे की नाही हे बघायचं असेल तर घरातल्या बाईचं आडनाव गालानू आहे का ते बघावं, पण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात गेलेल्या ग्रीकांच्या बायका-मुलीही बऱ्याचदा कागदावर गालानोसच लावतात, तिथे मग चर्च कुठलं, आजोबा कुठल्या बेटावरचे, हे विचारण्यावाचून इलाज नाही.