बातमीतील वस्तुनिष्ठ आणि व्यक्तिनिष्ठ भाषा

जे मोजता, पडताळता किंवा कागदावर दाखवता येते ते सांगणारी भाषा वस्तुनिष्ठ. जिच्यात लिहिणाऱ्याचा राग, कौतुक किंवा अंदाज मिसळतो ती व्यक्तिनिष्ठ. बातमीत पहिली, अग्रलेखात दुसरी, अशी वृत्तपत्रांची जुनी वाटणी आहे. तर्क किंवा टिप्पणी वस्तुस्थिती म्हणून छापू नये, असे भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेतही आहे. व्याख्या सोपी, पंचाईत होते ती ओळखताना.

कोकण किनाऱ्यावरचा नेहमीचा मथळा घ्या : ‘परराज्यातील ट्रॉलर्सचा धुडगूस’. ‘परराज्यातील’ हे नौकेच्या नोंदणी क्रमांकातल्या राज्याच्या अक्षरांवरून ताडता येते. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत असल्याने, परवाना नसेल तर ‘अनधिकृत’ या शब्दालाही कायद्याचा आधार आहे. ‘धुडगूस’ मात्र रापणकराच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराच्या, बाजूला उभे राहून उच्चारलेला शब्द. त्याचे नुकसान खरे असेलही, पण मग नौका किती होत्या, जाळी किती फाटली, ते विचारून लिहावे लागते. रापणकराच्या तोंडी, अवतरणात, हा शब्द शोभतो. मथळ्यावर चढला की तो वर्तमानपत्राचा होतो.

पावसापाण्याच्या बातमीत याच्या उलट घडते. ‘अतिवृष्टी’ हा शब्द ऐकायला भडक, पण महसूल खात्याच्या हिशेबी त्याला माप आहे : २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. ‘धो धो’ला असे माप नाही. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेले ‘निसर्ग’ हे ‘तीव्र चक्रीवादळ’ होते. हवामान खात्याच्या वर्गवारीत तीव्र म्हणजे ताशी ८९ ते ११७ किलोमीटर वेगाचे वारे. त्याच बातमीतले ‘भीषण’ हे विशेषण मात्र बातमीदाराचे स्वतःचे. म्हणजे नुसती विशेषणे खोडून बातमी वस्तुनिष्ठ होत नाही, हे नवख्या उपसंपादकाला उशिरा उमगते.

मराठीत मत बरेचदा बारीक शब्दांत दडते. ‘४० नौका’, ‘तब्बल ४० नौका’ आणि ‘अवघ्या ४० नौका’ यांत आकडा एकच. क्रियापदांचेही तसेच : ‘सांगितले’ साधे आहे, ‘ठणकावले’ने बोलणाऱ्याची पाठ थोपटली जाते आणि ‘कबूल केले’ म्हटले की तो आधीच गुन्हेगार ठरतो. ‘दावा केला’ने संशय सुचतो, दुसरी बाजू खरेच तपासायची राहिली असेल तेव्हाच तो वापरावा.

देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत पहिले मराठी वृत्तपत्र सुरू केले, त्याचे नाव ‘दर्पण’. बातमीने आहे ते आरशासारखे दाखवायचे, ही कल्पना इतकी जुनी आहे.

वस्तुनिष्ठतेचे सर्वांत फसवे रूप म्हणजे ‘करण्यात आले’. सरकारी पत्रकातून उचललेली ही ढब निःपक्ष वाटते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात एखादी नौका ‘पकडून सोडून देण्यात आली’ असे छापून येते. वाक्यात एकही विशेषण नाही. कोणी सोडली, तेही नाही.