स्टेडियमचे नामकरण हक्क आणि सार्वजनिक पैसा

नामकरण हक्क म्हणजे ठरावीक मुदतीसाठी पैसे मोजून स्टेडियमला आपले नाव देण्याचा, कंपनीने विकत घेतलेला हक्क. जाहिरातीचा हा प्रकार अमेरिकेत सर्वांत जास्त फोफावला आणि वादही तिथेच पेटले. ज्या वास्तूचे नाव विकले जाते ती अनेकदा करदात्यांच्या पैशाने उभी राहिलेली असते. नावाची रक्कम मात्र तिथे खेळणाऱ्या खासगी संघाकडे जाते.

सुरुवातीच्या व्यवहारांत असे नव्हते. बफलो शहराजवळ एरी काउंटीने (जिल्ह्यासारख्या स्थानिक सरकारने) बांधलेल्या अमेरिकन फुटबॉलच्या स्टेडियमला १९७३ मध्ये ‘रिच स्टेडियम’ हे नाव मिळाले. त्यासाठी रिच या खाद्यपदार्थ कंपनीने २५ वर्षांत मिळून १५ लाख डॉलर काउंटीला देण्याचे ठरले. रक्कम किरकोळ, पण ती स्टेडियमच्या मालकाच्या, म्हणजे काउंटीच्या हाती पडत होती.

१९९० नंतर संघमालकांचे पारडे जड झाले. नवे स्टेडियम द्या, नाहीतर संघ दुसऱ्या शहरात नेतो, या धमकीपुढे शहरे नमली आणि अनेक भाडेकरारांत नाव विकण्याचा हक्क संघालाच देऊन बसली. त्यात स्टेडियमच्या बांधकामासाठी कर्ज उभारणाऱ्या करमुक्त रोख्यांची भर पडली. या रोख्यांच्या व्याजावर केंद्र सरकारला कर मिळत नाही, म्हणजे भार देशभरातल्या करदात्यांवर पडतो, सामना कधीही न पाहणाऱ्यांवरसुद्धा. ब्रुकिंग्ज संस्थेच्या २०१६ च्या अभ्यासानुसार २००० नंतर बांधलेल्या किंवा मोठी डागडुजी झालेल्या ४५ स्टेडियमपैकी ३६ ना असे रोखे लाभले आणि केंद्राचा ३७० कोटी डॉलर महसूल बुडाला.

सर्वांत गाजलेले प्रकरण न्यूयॉर्कच्या ‘सिटी फील्ड’चे. सिटीग्रुप या बँकेने २००६ मध्ये मेट्स या बेसबॉल संघाशी २० वर्षांसाठी ४० कोटी डॉलरचा करार केला. २००८ च्या आर्थिक संकटात बँक बुडू लागली आणि सरकारने तिच्यात ४,५०० कोटी डॉलर ओतले. सरकारी आधारावर तगलेली बँक वर्षाला दोन कोटी डॉलर नावावर उधळणार का, असा सवाल उठला. अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) सदस्य डेनिस कुसिनिच आणि टेड पो यांनी करार रद्द करवून घेण्याची मागणी अर्थखात्याकडे केली. शहराच्या दोन नगरसेवकांनी ‘सिटी/टॅक्सपेयर फील्ड’ असे नाव सुचवले. मदतीचा पैसा स्टेडियमवर खर्च होणार नाही, असे बँकेने सांगितले. हा खुलासा तोकडाच होता, कारण एकाच तिजोरीतला पैसा वेगळा ओळखायचा कसा? करार टिकला आणि २००९ मध्ये स्टेडियम त्याच नावाने उघडले.

प्रायोजक बुडाला तर नावही जाते. ह्यूस्टनच्या अ‍ॅस्ट्रोस संघाने दिवाळखोर ऊर्जा कंपनी एन्‌रॉनकडून २००२ मध्ये २१ लाख डॉलर देऊन हक्क परत घेतले. मायामी-डेड काउंटीने मात्र आपल्या अरेनाच्या (बंदिस्त क्रीडागृहाच्या) नावाचा हक्क स्वतःकडे घेतला होता. २०२१ मध्ये एफटीएक्स या आभासी चलनाच्या कंपनीशी १९ वर्षांसाठी १३.५ कोटी डॉलरचा करार करून त्यातला मोठा वाटा बंदूक-हिंसाचार रोखण्याच्या योजनेसाठी राखला गेला. पुढच्याच वर्षी एफटीएक्सचे दिवाळे निघाले. हक्क सरकारकडे असले की उत्पन्न लोकांचे होते, पण जोखीमही त्यांचीच.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी वेगळा मार्ग धरला. शहराच्या मालकीच्या ‘कँडलस्टिक पार्क’ला आधी ‘३कॉम’ आणि मग ‘मॉन्स्टर’ ही नावे लागली होती. चालू करार संपताच जुने नाव कायमचे परत आणावे, असा कौल त्यांनी नोव्हेंबर २००४ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो अमलात आला. फुटबॉल संघ २०१४ मध्ये तिथून सांता क्लारा इथल्या नव्या स्टेडियममध्ये गेला. त्याचे नाव लीवाईज कंपनीला २० वर्षांसाठी २२ कोटी डॉलरना आधीच विकले गेले होते.