प्रदक्षिणेतले कोन

सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराची बाहेरची भिंत सरळ जात नाही. ती थोडी पुढे येते, थोडी आत जाते, पुन्हा पुढे येते, आणि तिच्या कडेकडेने प्रदक्षिणा घालायची म्हटली तर पावलोपावली वळावे लागते. देव उजव्या हाताला ठेवायचा असल्यामुळे बाहेर आलेल्या कोपऱ्यावर आपण उजवीकडे वळतो आणि आत दबलेल्या कोपऱ्यात डावीकडे. एवढी वळणे घेऊनही निघालो त्या जागी परत आल्यावर आपले तोंड पहिल्याच दिशेला असते. म्हणजेच उजवी वळणे मिळवली आणि त्यांतून डावी वजा केली की बरोबर एक पूर्ण फेरा, अर्थात ३६० अंश, उरतो. त्रिकोणांच्या आणि बहुभुजाकृतींच्या कोनांविषयी शाळेत जे नियम सुटे सुटे पाठ केले जातात, ते जवळजवळ सगळे या एका फेऱ्यातून निघतात, आणि माझ्या मते ते तसेच शिकवले पाहिजेत.

अंगणात खडूने मोठा त्रिकोण काढून त्याच्या कडेने चालून पाहावे. प्रत्येक शिरोबिंदूपाशी आपण जेवढे वळतो तो त्या ठिकाणचा बाह्यकोन होय. हा बाह्यकोन आणि आतला कोन मिळून सरळ कोन, म्हणजे १८० अंश होतात. तीन शिरोबिंदूंवरचे असे तीन सरळ कोन ५४० अंशांचे झाले. त्यांतले ३६० अंश वळण्यात गेले, म्हणून आतल्या तीन कोनांच्या वाट्याला १८० अंश उरले. त्रिकोण उभट असो, बसका असो किंवा कुठल्याही बाजूला कलंडलेला असो, या हिशेबात काहीही बदलत नाही.

त्रिकोणाचे प्रकार सांगताना मुलांची एक चूक हमखास होते. ‘याचा एक कोन ४० अंशांचा आहे, म्हणून हा लघुकोन त्रिकोण’ असे ती म्हणतात. काटकोन त्रिकोणाला एक काटकोन पुरतो आणि विशालकोन त्रिकोणाला एक विशालकोन पुरतो, मग लघुकोन त्रिकोणाला मात्र तिन्ही कोन लघुकोन का लागतात, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पुन्हा वळणांतच आहे. आतला कोन काटकोन किंवा त्याहून मोठा असेल, तर तिथले वळण ९० अंशांचे किंवा त्याहून कमी असते. अशी दोन वळणे घेतली तर दोन्ही मिळून फार तर १८० अंश होतील, आणि फेरा पुरा करण्यासाठी तिसऱ्या शिरोबिंदूवर किमान १८० अंश वळावे लागेल. तेवढे वळणे म्हणजे आल्या वाटेने माघारी फिरणे. तिथे त्रिकोण उरतच नाही. म्हणून कोणत्याही त्रिकोणात किमान दोन लघुकोन असतातच. ते सर्वांकडेच असल्यामुळे त्यांच्यावरून ओळख पटत नाही. ओळख पटते ती सर्वांत मोठ्या कोनावरून.

हा मोठा कोन कोनमापकाशिवायही ओळखता येतो. नाशिकमध्ये नव्या प्लॉटवर पायाची आखणी चालू असताना मिस्त्री काय करतो ते जवळून पाहण्यासारखे असते. कोपऱ्याच्या खुंटीपासून एका दोरीवर तीन फुटांवर तो खूण करतो, दुसऱ्या दोरीवर चार फुटांवर, आणि मग या दोन खुणांमध्ये टेप धरतो. अंतर नेमके पाच फूट भरले तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. ते पाचापेक्षा कमी भरले तर कोपरा आवळला गेला आहे, म्हणजे लघुकोन झाला आहे. जास्त भरले तर तो फाकून विशालकोन झाला आहे. दोरी त्याप्रमाणे सरकवून घेतल्यावरच फक्की टाकली जाते. तीनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, दोहोंची बेरीज पंचवीस, आणि पंचवीस हा पाचाचा वर्ग. मोठ्या बाजूचा वर्ग उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका, कमी की जास्त, एवढ्यावर त्रिकोणाचा प्रकार ठरतो.

बाजू वाढल्या तरी फेरा एकच राहतो. चौकोनात चार सरळ कोनांतून ३६० अंश वजा केले की ३६० उरतात, पंचकोनात ५४० आणि षटकोनात ७२०. सर्व बाजू आणि सर्व कोन समान असतील, तर प्रत्येक वळणही सारखेच असते: सुसम पंचकोनात ७२ अंशांचे, षटकोनात ६० अंशांचे. त्यावरून आतले कोन अनुक्रमे १०८ आणि १२० अंशांचे येतात. पदपथावर षटकोनी फरश्या दिसतात आणि पंचकोनी का दिसत नाहीत, याचे कारण इथे आहे. तीन षटकोन एका बिंदूभोवती ३६० अंश भरून काढतात. तीन सुसम पंचकोन ३२४ अंशांवर थांबतात आणि ३६ अंशांची फट राहते. चौथा त्या फटीत मावत नाही. एकाच प्रकारच्या सुसम फरशीने जमीन भरायची तर समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन याच तीन आकृती चालतात. अष्टकोनी फरशीचा कोन १३५ अंशांचा असल्यामुळे दोन अष्टकोनांच्या जोडीला एक छोटा चौरस बसवावा लागतो.

मला स्वतःला सर्वांत आवडणारा निष्कर्ष मात्र पाठ्यपुस्तकात फारसा भेटत नाही. लघुकोनावर वळताना ९० अंशांहून जास्त वळावे लागते, आणि अशी चार वळणे झाली की फेरा ३६० अंशांच्या पुढे जातो. म्हणून जिचा एकही कोपरा आत दबलेला नाही अशा बहुभुजाकृतीत, तिला शंभर बाजू असल्या तरी, तीनपेक्षा जास्त लघुकोन असूच शकत नाहीत.

कोपरा आत दबला की तिथला आतला कोन १८० अंशांहून मोठा, म्हणजे प्रविशालकोन होतो. त्रिकोणात तो कधीच येत नाही. बाणाच्या टोकासारख्या चौकोनात येतो. एखाद्या वास्तूच्या आराखड्यात सगळी वळणे काटकोनातच असतील, तर बाहेरचे कोपरे ९० अंशांचे आणि आतले २७० अंशांचे होतात. अशा वेळी प्रत्येक डावे वळण एक उजवे वळण फुकट घालवते, आणि फेरा पुरा होण्यासाठी चार उजवी वळणे उरावी लागतात. त्यामुळे बाहेरचे कोपरे आतल्या कोपऱ्यांपेक्षा नेहमी चारानेच जास्त असतात. अधिकच्या चिन्हाच्या आकारात बाहेरचे आठ आणि आतले चार कोपरे मोजून याची खात्री करून घेता येईल.

हा सारा हिशेब सपाट जमिनीचा आहे. उत्तर ध्रुवावरून नाशिकच्या, म्हणजे सुमारे ७४ अंश पूर्व, रेखावृत्ताने सरळ विषुववृत्तापर्यंत यावे, तिथे उजवीकडे काटकोनात वळून पृथ्वीचा पाव परीघ चालावे, पुन्हा उजवीकडे वळून ध्रुव गाठावा आणि तिथेही काटकोनात उजवीकडे वळावे. तोंड पुन्हा नाशिकच्या दिशेला झाले, पण एकूण वळण भरले अवघे २७० अंश, आणि त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीजही २७० अंश. १८०२ मध्ये ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे पुढचे त्रिकोण जिच्यावर उभे करायचे ती पहिली रेषा, मोजून भारताची जी त्रिकोणमितीय पाहणी सुरू केली, तिच्या मोठ्या त्रिकोणांत १८० अंशांवरचा हा वाढावा धरूनच गणित करावे लागे. सुमारे २०० चौरस किलोमीटरच्या त्रिकोणात तो एका अंशाचा ३,६०० वा भाग असतो. मिस्त्रीच्या तीन-चार-पाचाच्या दोरीत तो कोणत्याही टेपने सापडणार नाही.