घरातील फरशीचा प्रकार ओळखणे

घराच्या जमिनीवर बसवलेले साहित्य दगड आहे, टाइल आहे, लाकूड आहे की व्हिनाइल, आणि त्यातही नेमके कोणते, हे तपासून ठरवणे. साफसफाईचे द्रावण निवडणे, पॉलिश करणे, फुटलेला तुकडा बदलणे या सगळ्याआधी हे कळलेले बरे. संगमरवरावर व्हिनेगर सांडले की तेवढ्या जागेची चकाकी जाते. लॅमिनेटवर पाणी ओतून पुसले तर फळ्यांच्या कडा फुगतात आणि वाळल्यावरही पूर्ववत बसत नाहीत.

छपाई आता इतकी हुबेहूब होते की नुसता पृष्ठभाग पाहून मुरलेला कारागीरही फसतो. म्हणून जाडी दिसेल अशी जागा शोधावी : उंबऱ्याजवळची कड, स्कर्टिंगची सुटलेली पट्टी, न्हाणीघरातल्या जाळीभोवतीचा काप, कपाटाखाली उडालेला टवका. बसवताना उरलेली एखादी फरशी माळ्यावर सापडली तर निम्मे काम झालेच.

टाइलमध्ये मुख्य प्रश्न सिरॅमिक की व्हिट्रिफाइड हा. टवक्यात वर काचेसारखा पातळ थर आणि खाली तांबूस किंवा पांढरट, खडूसारखी माती दिसली तर ती सिरॅमिक. व्हिट्रिफाइडचा गाभा घट्ट, दाणे न सुटणारा. त्यातही फुल-बॉडी प्रकारात वरचा रंग तळापर्यंत जातो, डबल-चार्जमध्ये रंगीत थर वरच्या ३-४ मिमीपुरता असतो, तर ग्लेझ्ड प्रकारात नक्षी केवळ माथ्यावर. सुटी फरशी हाती असेल तर उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाकावा. सिरॅमिकवर तो काही मिनिटांत जिरतो. व्हिट्रिफाइडचे जलशोषण ०.५ टक्क्याच्या आत असल्याने थेंब तसाच उभा राहतो. वाजवून पाहण्यावर मात्र भिस्त ठेवू नये. टाइल पोकळ वाजली तर खालचा मसाला नीट भरलेला नाही एवढेच कळते.

संगमरवर आणि संगमरवरी दिसणारी टाइल यांत गल्लत फार होते. एकाच वळणाची रेघ दोन-तीन फरश्यांवर सापडली तर ती छपाई. खऱ्या दगडाची रेघ कडेवरून खाली उतरताना दिसते. दगड बसवून झाल्यावर जागेवरच घासतात, त्यामुळे सांध्यावरून नख फिरवले तर ते सहसा अडत नाही. टाइलच्या सांध्यात बहुधा अडते.

ग्रॅनाइटमध्ये वेगवेगळ्या रंगांचे स्फटिकदाणे दिसतात आणि सुरीच्या टोकाने चरा पडत नाही. संगमरवर कठीणता मोजणाऱ्या १ ते १० च्या मोह्स श्रेणीत ३ च्या आसपास, त्यामुळे चरा सहज पडतो. शंका उरलीच तर कपाटाखालच्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब ५ मिनिटे ठेवून पुसावा आणि टॉर्च तिरका धरून पाहावे. डाग निस्तेज दिसला तर दगड चुन्याचा : संगमरवर, किंवा शहाबादी व कोट्यासारखा चुनखडक. बुडबुडे दिसायलाच हवेत असे नाही. हा डाग पुसून जात नाही, तो पॉलिशनेच निघतो, म्हणून कोपरा.

या कसोटीत मोझॅइकही फसवते, कारण त्यात सिमेंट आणि संगमरवराच्या चिपा दोन्ही असतात. त्याच्या कडेला चिपांचा पातळ थर वर आणि साधे सिमेंट खाली असे दिसते. जागेवर ओतलेल्या मोझॅइकमध्ये काचेच्या किंवा धातूच्या पट्ट्या असतात. चिपा नाहीत, टाइलसारखे सांधे नाहीत, नुसते घोटलेले सिमेंट आहे, तर तो कोबा.

लाकडाच्या बाबतीत फळीचे टोक पाहावे. भरीव लाकडात वरची रेषा टोकावरून खाली उतरते. जाडी साधारण १८-२० मिमी. इंजिनिअर्ड फळीत वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली बहुधा प्लायवुडचे आडवे-उभे पदर. लॅमिनेटच्या ६-१२ मिमी जाडीत दाबलेल्या लाकडी तंतूंचा तपकिरी गाभा असतो आणि तीच गाठ चार फळ्यांपलीकडे पुन्हा भेटते.

व्हिनाइलची पातळ पट्टी वाकते. एसपीसी (स्टोन-प्लास्टिक कंपोझिट) ही व्हिनाइलचीच पट्टी मात्र कडक असते. तिचा करडा गाभा दगडाची पूड आणि प्लास्टिक यांचा. लिनोलियम वेगळे : जवसाचे तेल, बुचाची पूड आणि मागे तागाचे कापड. त्यात रंग आरपार जातो, छापील व्हिनाइलमध्ये तो एका पातळ थरात असतो.

जुन्या इमारतीत ९ इंच चौरस, कडक, व्हिनाइलसारख्या टाइल आणि त्यांखाली काळा डिंक दिसला तर तिथे टवका काढू नये, घासू नये. अशा टाइलमध्ये आणि डिंकातही ॲस्बेस्टॉस असू शकते. ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, प्रयोगशाळेतच कळते. नमुनाही प्रशिक्षित माणसानेच घ्यावा.