लाकडाच्या करवतीने अ‍ॅल्युमिनियम आणि पितळ कापणं

घरच्या वर्कशॉपमधे लाकूड कापायच्या मशीनवरच अ‍ॅल्युमिनियम, पितळ, तांबं असे लोखंड नसलेले धातू कापायची ही पद्धत. ऐकायला आगाऊपणा वाटतो, पण खिडक्या करणाऱ्यांचं कटर मशीन म्हणजे सुताराच्या मायटर सॉचाच (गोल पातं वरून खाली आणून आडवं कापणाऱ्या करवतीचाच) भाऊ. कोकणात खारं वारं लोखंडाचे पापुद्रे काढतं, म्हणून अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत अ‍ॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या दिसतात आणि सेक्शनचे, म्हणजे खिडकीच्या चौकटीच्या लांब पट्ट्यांचे, उरलेले तुकडे कुणाच्या तरी पडवीत पडलेले असतातच.

हे जमतं कारण हे धातू पोलादापेक्षा मऊ आणि पात्याच्या दाताला कार्बाइडची, म्हणजे पोलादाहून कठीण पदार्थाची, टिप असते. लोखंड मात्र या स्पीडला कापायचं नाही, दात जळतात. तुकडा कशाचा आहे ते लोहचुंबकाने बघतात, पण त्यावर फार विसंबू नये, भांड्यांचं बरंचसं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटत नाही आणि ते आहे लोखंडाच्याच घरातलं.

खरी गोष्ट पात्याची. फळ्या उभ्या चिरायचं २४ दातांचं पातं धातूला अंगावर ओढून घेतं, कारण त्याचे दात पुढे झुकलेले असतात. १० इंचीला ८० च्या आसपास दात, एक दात कोपरे छाटलेला नि पुढचा सपाट, आणि सगळे ५-६ अंश मागे कललेले, असं पातं मिळतं ते घ्यावं. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं पण त्याच्या बरंच आधी मऊ पडून दाताला चिकटतं, फणसाच्या चिकासारखं, आणि उपायही तोच, फणस कापताना विळीला खोबरेल लावतो तसं पात्याला मेण किंवा कटिंग वॅक्स लावायचं. रॉकेलही लावतात, पण मोटरच्या ठिणग्या आणि शेजारी भुसा, मला तरी ते पटत नाही.

तुकडा हाताने धरायचा नाही, क्लॅम्पच. पोकळ सेक्शन असेल तर आत लाकडाचा ठोकळा घालावा नाहीतर तो चेपतो. पितळ ठिसूळ, ते झटका देतं. तांबं उलट चिवट, दातांत भरून बसतं. बँडसॉ (पट्ट्यासारखं फिरणाऱ्या पात्याची करवत) नि बायमेटल, म्हणजे दोन प्रकारचं पोलाद जोडलेल्या, पात्याचा जिगसॉ (वरखाली हलणाऱ्या छोट्या पात्याची हातकरवत) सावकाश चालतात, पण नवख्याला तेच बरे. ग्राइंडरचा लोखंडासाठीचा दगडी डिस्क अ‍ॅल्युमिनियमने भरून जातो आणि फुटूही शकतो.

गॉगल पाहिजेच, कीस गरम असतो आणि शर्टाच्या गळ्यातूनच आत जातो. आणि तो कीस मिसळलेला भुसा बंबात घालायचा नाही की गुरांखाली पसरायचा नाही. लोखंड ग्राइंड करायच्या आधीही तो झाडून बाहेर काढावा, कारण अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी ठिणगीने पेटते आणि ती पाण्याने विझवायला गेलात तर आग आणखी भडकते.